जोड कोणत्या शास्त्राचा?

पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसच्या जाळ्यात जमिनीखालची पोलादी वाहिनी दाब-नियंत्रण केंद्रातील पाइपिंगला मिळते. तिथल्या जोडाला मानक कोणते? ‘एपीआय ११०४’ हे अमेरिकन मानक वाहिन्या आणि संलग्न सुविधा या दोन्हींचे वेल्डिंग सांगते. ‘एएसएमई’ या अमेरिकन अभियंता-संस्थेच्या संहितेचा नववा विभाग पद्धत व वेल्डर यांची पात्रता तेवढी ठरवतो, प्रत्यक्ष जोडात किती दोष चालेल हे त्यात शोधणे व्यर्थ. पात्रतेसाठी वायुवाहिन्यांच्या ‘बी३१.८’ संहितेला दोन्ही मान्य आहेत.

दोन मानकांमधला हा पेच मीमांसेच्या, म्हणजे वैदिक विधानांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राच्या, ओळखीचा आहे. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात (भांडारकर संस्था, १९३०–१९६२) तिच्या अर्थनिर्णयाच्या नियमांची चर्चा आहे. विशेष विधान सामान्याला बाधते, पण आपल्या विषयापुरतेच. दोन विधाने तुल्यबळ असतील तर विकल्प: हवीसाठी तांदूळ किंवा जव, मिश्रण नाही. दोन्ही मानकांतली सोयीची कलमे वेचणारा कंत्राटदार नेमके हेच मिश्रण करतो. म्हणून निवड करारातच नोंदवावी लागते, जोडांची क्ष-किरण चित्रे हाती येण्याआधी.