शुकवाक्य आणि दुकानदार : यंत्ररचित जाहिरातीच्या तात्पर्याचा प्रश्न

१

जाहिरात ही संहिता साहित्यविचाराच्या उंबरठ्यावरच उभी राहिलेली आहे. तिच्यात अलंकार असतो, लय असते, संबोधन असते, निवेदकही असतो. मात्र तिचा लेखक कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. लेखकाच्या या अनुपस्थितीने आजवर फारसे काही बिघडले नव्हते, कारण लेखक अज्ञात असला तरी कोणीतरी माणूस आहे हे गृहीत होते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे संवादयंत्र सर्वांसाठी खुले झाले आणि हे गृहीतक डळमळले. विक्रीसाठी लागणारा मजकूर, म्हणजे ग्राहकाला पाठवायचा संदेश, सवलतीची घोषणा, मालाचे वर्णन, आता चार ओळींची सूचना देऊन मिळवता येतो. या सूचनेला व्यवहारात 'प्रॉम्प्ट' म्हणतात. अशा मजकुरात बोलते कोण आणि त्यातील असत्याचा भार वाहावयाचा कोणी, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. पण त्याचे उत्तर अर्थनिर्णयनाच्या वाटेनेच शोधावे लागते.

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून तो एका बाजारात उभा करणे इष्ट ठरेल. दादर पूर्वेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर हिंदमाता नावाचा परिसर आहे. चित्रपटगृहावरून पडलेले हे नाव आज मुंबईकराला दोन गोष्टींसाठी परिचित आहे : कापडबाजार आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी. लग्नसराईची खरेदी, साड्या, ड्रेस मटेरियल, ब्लाउजपिसे यांची ही पेठ. येथील व्यवहार मराठी, गुजराती, कच्छी, मारवाडी आणि हिंदी यांच्या सरमिसळीतून चालत आला आहे. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरी असावी आणि तिची अक्षरे इतर लिपींपेक्षा लहान नसावीत, हे २०२२ मध्ये झालेल्या कायदेदुरुस्तीने ठरविले. परंतु पाटीच्या आतला आवाज कोणाचा असावा, हे कोणत्याही कायद्याने ठरविलेले नाही. गौरीगणपतीच्या आधी ग्राहकांच्या मोबाइलवर जो आर्जवी मराठी संदेश येतो, तो गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा असेलच असे आता म्हणता येत नाही.

२

अर्थात, दुसऱ्याकडून शब्द उसने घेणे ही काही नवी गोष्ट नव्हे. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर बसणाऱ्या पत्रलेखकांनी कित्येक दशके निरक्षर कष्टकऱ्यांची पत्रे आणि मनीऑर्डरी लिहून दिल्या. गिरणगावातून कोकणात गेलेल्या पत्रातला मायना, क्षेमकुशल आणि शेवटचा नमस्कार पुष्कळदा लिहिणाऱ्याचा असे. खुशाली मात्र पाठविणाऱ्याची असे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१ च्या 'फॉर्म्स ऑफ टॉक' या ग्रंथात 'वक्ता' या एकाच शब्दाखाली दडलेल्या तीन भूमिका वेगळ्या केल्या : शब्द उच्चारणारा, शब्द रचणारा आणि त्या शब्दांनी बांधला जाणारा. पत्रलेखक दुसऱ्या भूमिकेत होता. तिसरी भूमिका गिरणीकामगाराकडेच राहिली. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने केलेल्या एका जाहिरातीत शाहरुख खान यांचा चेहरा व आवाज यंत्राच्या साह्याने घडवून, छोट्या दुकानदारांना त्यांच्या तोंडी आपल्या दुकानाचे नाव घालण्याची सोय दिली होती. तेथे पहिली भूमिकाही यंत्राकडे गेली. पण या खेळाची मोहिमेनेच जाहीर वाच्यता केल्यामुळे प्रेक्षकाची फसगत झाली, असे म्हणता येत नाही.

म्हणजे भूमिकांची वाटणी हा स्वतःच दोष नव्हे. दोषाची शक्यता निर्माण होते ती तिसरी भूमिका रिकामी राहिल्यावर. येथे आधुनिक समीक्षेची एक अडचण समोर येते. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा अर्थनिर्णयनाचा निकष मानण्यास नकार दिला. रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. यंत्ररचित संहिता ही त्या घोषणेची शब्दशः पूर्ती आहे, असे वरवर पाहता वाटेल. पण बार्थ यांच्या मांडणीत लेखक जातो तो वाचकाला मोकळे करण्यासाठी. विक्रीच्या संहितेत वाचक मोकळा होत नाही. तो सूचनेत आधीच नेमला गेलेला असतो : 'पस्तीस ते पन्नास वयाची, मध्यमवर्गीय, सणासाठी खरेदी करणारी स्त्री'. लेखकाच्या मृत्यूतून येथे वाचक जन्मत नाही, लक्ष्यगट जन्मतो. याउलट मिशेल फूको यांनी १९६९ च्या व्याख्यानात नोंदविलेला मुद्दा अधिक उपयोगी आहे. संहितांना लेखक चिकटले ते लिहिणाऱ्यास शिक्षा होऊ लागली तेव्हापासून, असा त्यांचा ऐतिहासिक दावा होता. साहित्यात लेखक-कार्याला पुढे अनेक प्रतिष्ठित अर्थ चिकटले. जाहिरातीत मात्र ते मूळच्या, उघड्या रूपात शिल्लक आहे : चूक झाल्यास धरावयाचे कोणाला?

३

भारतीय शाब्दबोधविचारात या प्रश्नाला थेट भिडणारे एक स्थळ आहे. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते ते आप्ताच्या आधारावर. आणि वात्स्यायनाच्या मते आप्त म्हणजे ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे असा कोणीही. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो नोंदवतो. आप्तत्व कुळावर वा विद्वत्तेवर नव्हे, तर ज्ञान आणि प्रामाणिक विवक्षा या दोहोंवर अवलंबून असते. मीमांसक उलट वाटेने गेले : दोष वक्त्यातून येतात, म्हणून ज्याला वक्ताच नाही ते वाक्य निर्दोष. यंत्राच्या वाक्याला लोक आज जो वस्तुनिष्ठतेचा मान देतात, त्यामागे या अपौरुषेयतेची एक पुसट, अजाण छाया आहे. पण यंत्राचे वाक्य अपौरुषेय नाही. ते असंख्य पुरुषांच्या लेखनाचा गाळ आहे. त्यात वक्ता दिसत नाही याचा अर्थ वक्त्यांचे दोष नाहीत असा होत नाही.

सतराव्या शतकातील विश्वनाथाच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत पोपटाच्या वाक्याचा प्रश्न येतो. शाब्दबोधासाठी वक्त्याच्या तात्पर्याचे ज्ञान आवश्यक असेल, तर ज्याला तात्पर्यच नाही अशा पोपटाच्या बोलण्यातून श्रोत्याला अर्थ कसा कळतो? विश्वनाथाचे उत्तर दुहेरी आहे. पोपटाचे वाक्य वस्तुस्थितीशी जुळत असेल, तर तेथे ईश्वराचे तात्पर्य मानावे. जुळत नसेल, तर पोपटाला शिकविणाऱ्याचे. २०२१ मध्ये एमिली बेंडर, टिमनिट गेब्रू आणि त्यांच्या सहलेखिकांनी भाषिक प्रारूपांना 'संभाव्यतेने बोलणारे पोपट' म्हटले, तेव्हा त्यांच्यासमोर हे स्थळ असण्याचे कारण नव्हते. दोन परंपरा एकाच पक्ष्यापाशी येऊन थांबल्या, एवढेच. परंतु नैयायिकाने विचारलेला पुढचा प्रश्न अधिक नेमका आहे. पोपटाला अर्थ कळतो की नाही यावर तो फार वेळ घालवीत नाही. खोट्या वाक्याचे तात्पर्य कोणाच्या नावे लावावयाचे, एवढेच तो ठरवतो.

हिंदमात्याच्या उदाहरणात शिकविणारे दोन आहेत. एक, ज्याने यंत्राला भाषा शिकविली तो दूरचा निर्माता. दुसरा, ज्याने आज सकाळी सूचना दिली तो दुकानदार. पहिल्याने पोपटाला बोलावयास शिकविले. दुसऱ्याने काय बोलावे ते सांगितले आणि पिंजरा रस्त्यावर टांगला. दोघांचाही वाटा आहे, पण तो समान नाही. विशिष्ट ग्राहकाला विशिष्ट मालाविषयी जे सांगितले गेले, त्याचे तात्पर्य दुसऱ्याकडेच जाते, कारण माल पाहिलेला आहे तो फक्त त्यानेच. तळाच्या फळीवरचा कोणता गठ्ठा गेल्या पावसात भिजला, कोणत्या ताग्याचा पन्ना कमी आहे, कोणता रंग पहिल्या धुण्यात उतरतो, हे यंत्राला ठाऊक नसते. वात्स्यायनाच्या अर्थाने आप्त होण्याची पात्रता त्या व्यवहारात केवळ दुकानदाराकडे आहे.

४

तरीही एक प्रकार असा उरतो, की जो जुन्या नीतिविचाराच्या चौकटीत सहज बसत नाही. दुकानदाराने सूचना दिली : 'आमच्याकडे नव्या पैठण्या आल्या आहेत, आकर्षक संदेश लिही.' माल यंत्रमागाचा आहे. सूचनेत त्याविषयी काहीच नाही. यंत्र लिहिते : 'येवल्याच्या कुशल विणकरांनी हातमागावर विणलेली अस्सल रेशमी पैठणी'. असे ते लिहिते, कारण 'पैठणी' या शब्दाच्या शेजारी 'येवला', 'हातमाग' आणि 'अस्सल' हे शब्द त्याने पुन्हापुन्हा पाहिलेले असतात. येथे खोटे बोलण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. दुकानदाराने ते सांगितले नाही. यंत्राला हेतू नाही. तरीही असत्य जन्मले, पाठविले गेले, आणि कोणीतरी त्यावर विश्वासून लेकीच्या लग्नासाठी पैसे मोजले.

हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९८६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात खोटारड्यापेक्षा निराळा असा एक वक्ता वर्णिला आहे : आपले विधान खरे की खोटे याचे ज्याला सोयरसुतक नाही असा. खोटारडा सत्याची दखल घेतो, म्हणूनच ते लपवितो. हा दुसरा सत्याकडे पाठ फिरवितो. यंत्राचे औदासीन्य हे त्याच्या रचनेतच आहे. त्याला दोष देणे म्हणजे वाऱ्याला दोष देणे. परंतु मजकूर न वाचता पुढे पाठविणारा माणूस ते औदासीन्य स्वीकारतो, स्वतःचे करतो. अहेतुक असत्याला कर्ता मिळतो तो या क्षणी. रचनेच्या वेळी तात्पर्य नव्हते हे मान्य केले, तरी पाठविण्याची कृती हीच तात्पर्याची जागा ठरते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या तरतुदीही व्यापारी, उत्पादक, शिफारसकर्ता, जाहिरातदार आणि प्रकाशक यांनाच ओळखतात. लेखणीला तेथे स्थान नाही. कायद्याची ही दृष्टी स्थूल असली तरी तिच्यामागची समज बरोबर आहे.

५

सूचनेचे आणखी एक वैशिष्ट्य साहित्यविचाराने लक्षात घेण्याजोगे आहे. पूर्वी विक्रेत्याचा हेतू त्याच्या मनात राही आणि वाचकाला तो संहितेवरून तर्काने काढावा लागे. आता हेतू लिहिला जातो. 'माल संपत आल्याची घाई वाटू दे', 'घरातल्या थोरल्या ताईने बोलावे तसा सूर ठेव' : व्यंजनेने जे साधावयाचे ते येथे अभिधेत मांडलेले असते. तात्पर्य स्वतंत्र संहिता बनते. फक्त ती ग्राहकापासून दडलेली असते. यातून एक साधी कसोटी हाती येते. इमॅन्युएल कांट यांनी १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात इतरांच्या हक्कांना स्पर्श करणाऱ्या कृतीचे तत्त्व जाहीर करता येते का, असा निकष सुचविला होता. तोच येथे लावावा : संदेशाच्या शेजारी सूचना छापली, तर संदेश टिकेल काय? 'नव्या मालाची माहिती, भाव व वेळ साध्या मराठीत लिही' ही सूचना छापली तरी काहीही बिघडत नाही. गोदाम भरलेले असताना 'आज शेवटचा दिवस असे भासव' ही सूचना छापली की संदेश कोसळतो. खोट्या निकडीचा हा प्रकार ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतील तेरा फसव्या क्लृप्त्यांमध्ये समाविष्ट आहे; पण कायद्याने सांगण्याआधीही ही कसोटी तेच सांगते.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. गादीवर बसून 'ताई, हा रंग तुमच्यासाठीच आलाय' म्हणणारा विक्रेता तरी आपला हेतू कोठे जाहीर करतो? त्याचे उत्तर असे, की त्या बोलण्यात हेतू दडलेलाच नसतो. घासाघीस हा दोघांना ठाऊक असलेला खेळ आहे. ग्राहक ती अतिशयोक्ती अलंकार म्हणूनच ऐकतो, पोत बोटांनी चाचपतो, पदर उजेडात धरतो, 'दुसरा दाखवा' म्हणतो. सहजासहजी न फसण्याची साधने त्याच्या हाताशी असतात. हजारो जणींना एकाच वेळी 'प्रिय ताई' म्हणणाऱ्या संदेशात नाते भासते, पण ते नाते वापरून उलट प्रश्न विचारण्याची सोय नसते. अतिशयोक्ती दोन्हीकडे आहे. तिची सूट किती धरावी याचे ज्ञान एकीकडेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ज्याची मातृभाषा कच्छी वा मारवाडी आहे, ज्याला जाहिरातसंस्था परवडत नाही, अशा छोट्या दुकानदाराला मॉलच्या बरोबरीने बोलण्याचे साधन प्रथमच मिळाले आहे. ते हिरावून घेणाऱ्या नीतीला शुद्धतेचा अहंकार चिकटलेला असेल. हा आक्षेप मान्यच करावयास हवा. मात्र त्यातून निष्पन्न होते ते साधनाचे समर्थन. न वाचण्याचे नव्हे. शिवाय यंत्राने दिलेला आवाज हा त्याचाच आहे काय, हेही तपासावे लागते. खण, इरकल, नारायणपेठ, काठ, बुट्टी यांची नावे त्याच्या जिभेवर असतात. संदेशात मात्र 'आपल्या सौंदर्याला नवा आयाम' येतो. त्याला बोलण्याची संधी मिळाली, आणि त्याच क्षणी त्याची बोली गेली.

६

यंत्ररचित मजकुरावर तसा शिक्का असावा, हा उपाय सध्या वारंवार सुचविला जातो. तो निरर्थक नाही. पण तो पुरेसा आहे असे समजणे चूक होईल. परळ-लालबागच्या गिरण्यांमधून निघणाऱ्या कापडाचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १८८९ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्याने कापडाच्या ठाणावर त्याची लांबी छापणे आवश्यक केले होते. कापड हाताने विणले की यंत्राने, हा त्या शिक्क्याचा विषय नव्हता. ठाण उलगडल्यावर जे मोजता येईल ते आधी सांगितलेले असावे, हा होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. कापड विकणारी पेठ मागे राहिली. शब्दांनाही शिक्का हवा असेल तर तो याच जातीचा हवा. 'यंत्राने लिहिले' एवढे सांगून विधानाचे माप सांगितले जात नाही. खऱ्या मालाचे यंत्राने केलेले वर्णन ग्राहकाला फसवीत नाही, आणि माणसाने स्वहस्ते लिहिलेले खोटे हे खोटेच राहते.

म्हणून प्रश्नाचे स्वरूप थोडे बदलून मांडावे लागते. यंत्राला लिहू द्यावे की नाही, हा त्यातला गौण भाग आहे. रचनेचे श्रम दुसऱ्याकडे सोपविता येतात. पत्रलेखकाकडे ते सोपविले गेलेच होते. आप्तत्व मात्र सोपविता येत नाही, कारण त्याला वस्तूचे ज्ञान लागते आणि ज्याला सांगावयाचे त्याच्यासमोर उभे राहण्याची तयारी लागते. विश्वनाथाच्या पोपटाने खरे सांगितले तेव्हा श्रेय ईश्वराकडे गेले. खोटे सांगितले तेव्हा बोट शिकविणाऱ्याकडे वळले. ही विषम वाटणी अन्यायाची वाटली, तरी पोपट पाळणाऱ्याने ती आधीच पत्करलेली असते.