विकत घेतलेलें बळ

मनुष्यानें आपल्या पैशानें काय विकत घ्यावें हें दुसऱ्यानें सांगूं नये, असा एक सभ्य संकेत सुशिक्षित समाजांत रूढ आहे. आम्हीही तो आजवर पाळीत आलों आहों. परंतु घेणाऱ्यानेंच विचारलें तर? आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत मिशिगन राज्यांत एंजिनियर आहे. त्यानें गेल्या महिन्यांत पत्र लिहून विचारलें कीं, "सर, मी एक मोटार मुद्दाम बांधून घेत आहें. तिची सारी ताकद मला रस्त्यावर कधींच वापरतां येणार नाहीं. अशी वस्तु घेणें चूक आहे काय?" गाडी परवडते कीं नाहीं, हें त्यानें विचारलें नव्हतें; तो हिशेब त्यानें आधींच केला होता. प्रश्न नीतीचा होता, आणि म्हणूनच त्याचें उत्तर आम्हांस चटकन् सुचलें नाहीं.

अमेरिकन लोक ज्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात, त्यांची युक्ति सोपी आहे : मध्यम आकाराच्या साध्या गाडींत दांडगें एंजिन बसवावयाचें. १९६४ सालीं पाँटिअकनें जी. टी. ओ. नांवाची गाडी काढली. एवढ्या आकाराच्या गाडीस ३३० घनइंचांहून मोठें एंजिन असूं नये, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. पाँटिअकच्या मंडळींनीं ३८९ घनइंचांचें एंजिन 'टेंपेस्ट' गाडीवरील ऐच्छिक जोड म्हणून यादींत घातलें. ऐच्छिक गोष्टींस नियम लागू नव्हता! नियमाला पळवाट शोधणें ही केवळ आपल्याच देशाची मिरास आहे, असें मानणाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी. पुढें मर्यादा ४०० वर आली. तेव्हां पेनसिल्व्हेनियांतील कॅनन्सबर्ग गांवचे विक्रेते डॉन येंको यांनीं १९६९ सालीं, घाऊक गिऱ्हाइकांच्या खास मागण्यांसाठीं असलेल्या कचेरीच्या वाटेनें, ४२७ घनइंचांचें एंजिन घातलेल्या कॅमॅरो गाड्या थेट कारखान्यांतूनच करवून घेतल्या. आमच्या विद्यार्थ्याची गाडी याच नमुन्यावर बांधली जात आहे. ४२७ घनइंच म्हणजे सात लिटर. आम्हीं पुष्कळ वर्षें जी मारुति ८०० चालविली, तिच्या एंजिनाच्या जवळजवळ नऊपट.

उधळपट्टीचा आरोप आम्ही येथें करीत नाहीं. लग्नांत एका संध्याकाळीं लाखो रुपये जेवणावळींत घालविणाऱ्या समाजानें तो करूं नये, हें बरें.

अडचण निराळी आहे. तयार वस्तु घेणारा म्हणूं शकतो कीं, दुकानांत जें होतें तें घेतलें. बांधून घेणाऱ्यास ही सबब उरत नाहीं. एंजिन केवढें, चाकें किती रुंद, आवाज किती मोठा, हें त्याला ओळीओळीनें लिहून द्यावें लागतें. मागणीपत्र हें एक प्रकारचें कबुलीपत्रच होय. डॉज कंपनीनें २०१८ च्या मालिकेंत 'चॅलेंजर डेमन' नांवाची ८४० अश्वशक्तीची गाडी विकली. तींत मूळ रचनेंत चालकाचें तेवढें एकच आसन होतें. शेजारचें आसन हवें असल्यास एक डॉलर, मागचें हवें असल्यास आणखी एक. पैसा नाममात्र, पण तीं आसनें आपण होऊन मागावीं लागत. आपल्याशेजारीं कोणी बसावें कीं नाहीं, हें एका डॉलरास लिहून देण्याची पाळी माणसावर यावी, याचें आम्हांस हंसूंही आलें आणि थोडी भीतिही वाटली.

या गाड्यांच्या नांवांतच आमच्या मतें खरें कोडें आहे. मसल म्हणजे स्नायु. आपल्याकडे तालमींत जाणारा मुलगा वर्षानुवर्षें दंड-बैठका काढतो, वस्तादाची बोलणीं खातो, आणि आपल्याहून हलक्या जोडीकडूनही कधीं चीत होतो. त्याला बळ येतें तें या सर्वांसकट येतें. आपला हात कोणाला किती लागेल हें तो हाताबरोबरच शिकतो. म्हणून जातिवंत पैलवान भररस्त्यांत सहसा हात उचलीत नाहीं. विकत घेतलेलें बळ मात्र एका सकाळीं किल्लीबरोबर हातीं पडतें, आणि तें शिक्षण मागें राहतें. या गाड्यांच्या बाबतींत पहिला आवर बाहेरूनच आला : विम्याचे चढे दर, धुराचे कायदे, आणि १९७३ ची तेलटंचाई.

यावर विद्यार्थ्याचें म्हणणें असें कीं, ज्याच्या गाडींत वेगच नाहीं त्यानें वेगमर्यादा पाळली यांत पुण्य तें काय? शक्ति असून न वापरणें हाच संयम. हा युक्तिवाद आम्हींच त्याला वर्गांत शिकविला असावा, अशी शंका येते! तो खोटा नाहीं. परंतु संयमाची ही परीक्षा सार्वजनिक रस्त्यावर व्हावयाची आहे, आणि ती फसली तर दंड भरणारा कदाचित् तिसराच कोणी असेल, ज्याची संमति कोणीं विचारलेली नाहीं. शर्यतीच्या बंद पट्टीवर पाव मैल हवा तसा धांवावा; तेथें आमची तक्रार नाहीं.

येथवर लिहून आम्ही थांबलों असतों, तर लेख सोपा झाला असता. पण त्या पत्रांत आणखीही कांहीं होतें. त्याचे वडील एस. टी. च्या आगारांत मेकॅनिक होते. मुलाचे हात काळे होऊं नयेत म्हणून त्यांनीं त्याला शिकविलें, आणि ते झालेही नाहींत; तो दिवसभर पडद्यासमोर बसून आंकडे तपासतो. गेलें वर्षभर मात्र दर शनिवारीं तो त्या कारागिराच्या हाताखालीं उभा असतो, आणि आतां एंजिन स्वतः उतरवूं शकतो. वडील हयात नाहींत. हें वाचल्यावर आमचा पैलवानाचा दृष्टान्त आम्हांसच थोडा लंगडा वाटूं लागला.

शिवाय आमची साक्ष निर्मळ नाहीं. पूर्वीं एकदां आम्ही त्याच्याकडे गेलों असतां डेट्रॉइटहून पाँटिअक शहराकडे जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर त्यानें आम्हांस मित्राच्या तसल्याच गाडींतून फिरविलें. १९६० च्या दशकांत तरुण पोरें याच रस्त्यावर एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत पैजा लावीत. १९९५ पासून दर ऑगस्टांत तेथें जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, आणि गर्दीमुळें तीं दांडगीं यंत्रें बैलगाडीच्या चालीनें सरकतात. आम्ही गेलों तेव्हां पहाट होती, रस्ता रिकामा होता. दिवा हिरवा झाला. त्यानें वेगमर्यादा ओलांडली नाहीं. पण ती गांठावयास जो क्षण लागला, त्यांत आमची पाठ आसनाला चिकटली, चष्मा सरकला, आणि छातींत कांहींतरी मोठ्यानें हंसलें. पुढच्या दिव्याशीं गाडी थांबली तेव्हां "पुन्हा एकदां" हे शब्द आमच्याच तोंडून गेले होते.

पत्राच्या शेवटीं एक किरकोळ चौकशी होती. वजन वाचविण्यासाठीं मागचें आसन काढून टाकावें काय, असें कारागीर विचारीत आहे. त्याची मुलगी पंधरा वर्षांची आहे. एवढ्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्याच दिवशीं कळविलें : ठेवावें. बाकीच्यासाठीं हाच लेख त्याला पाठवीत आहों.