न उघडलेली बाटली

गार्चिंगच्या संशोधन संकुलातला माझा करार संपायला दोन महिने उरले, तेव्हा गाडी विकायला काढली. 2001 सालची, दोन सीटांची, मधोमध इंजिन असलेली स्पोर्ट्स कार. पोस्टडॉकच्या पगारात असला शौक कशाला, हे आईने विचारून झालंय. तुम्ही विचारू नका.

गाडीतलं कूलंट कमी होत होतं. महिन्याला साधारण अर्धा लिटर. जमिनीवर थेंब नाही, पण लांबून आल्यावर ग्लायकॉलचा गोडसर वास यायचा. जमीन कोरडी आहे म्हणून गळती नाही, असं नसतं. बारीक गळती तापलेल्या धातूवरच उडून जाते, किंवा गाडीच्या पोटाखालच्या प्लास्टिकच्या आवरणात साचते. आधी टाकीचं झाकण बदललं, कारण तेच सगळ्यात स्वस्त. मग थंड इंजिनवर हातपंपाने दाब देऊन पाहिला. काटा अर्धा तास जागचा हलला नाही. कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळला आणि रात्री अतिनील टॉर्च घेऊन गाडीखाली आडवी झाले. काहीच चमकलं नाही.

उरली एक चाचणी. टाकीच्या तोंडावर निळा द्रव भरलेली नळी बसवायची आणि इंजिन तापवून टाकीतली हवा त्यातून ओढायची. हेड गॅस्केट गेलं असेल तर सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरतो आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळा द्रव पिवळा पडतो. पंधरा मिनिटांचं काम. बाटली आणून तीन आठवडे झाले होते, सील तसंच होतं.

वेळ मिळत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे द्रव पिवळा झाला असता तर गाडीला भंगाराचाच भाव आला असता. न बघितल्यामुळे मला एक वाक्य अगदी खरेपणाने बोलता येणार होतं: ‘कारण मला माहीत नाही.’

‘नरो वा कुंजरो वा’ म्हटल्यावर धर्मराजाचा चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण मेला तो हत्ती, हे निदान त्याला माहीत होतं. मी तर हत्ती बघायलाच गेले नव्हते.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली एका निबंधात असाच एक जहाजमालक रंगवला आहे. जुनं जहाज, त्यातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं. मालक मनातल्या शंका एकेक करून दाबतो आणि जहाज भक्कम आहे यावर त्याचा मनापासून विश्वास बसतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषीच. आणि जहाज सुखरूप पोहोचलं असतं तरी तेवढाच दोषी. हा दुसरा भाग मला पूर्वी अतिरेकी वाटायचा.

जर्मन कायदा इतका कठोर नाही. खासगी विक्रेत्याला करारात दोषांची जबाबदारी नाकारता येते. पण दोष जाणूनबुजून लपवला असेल, तर नागरी संहितेच्या 444व्या कलमानुसार ती पळवाट बंद. आधार नसताना छातीठोक सांगणं, ज्याला इथे ‘निळ्यात बोलणं’ म्हणतात, तेही न्यायालयं लपवण्यातच धरतात. मी छातीठोक काही सांगणार नव्हते. म्हणजे कायद्याने बहुधा सुटले असते.

आधीचे दोन जर्मन ग्राहक ओळखीचा मेकॅनिक घेऊन येतो म्हणाले होते. तिसरा आला तो नांदेडचा, पहिली नोकरी लागलेला. त्याने बॉनेटसुद्धा उघडायला सांगितलं नाही. “ताई, तुम्ही विकताय म्हटल्यावर मी काय बघायचं?”

त्या अनोळखी मेकॅनिकसमोर माझं ‘माहीत नाही’ खपलं असतं. या मुलासमोर ते तोंडातून बाहेर येईना. आपला माणूस म्हणून जास्त खरं बोलावं, हाही तसा न्याय नव्हे. पण तेव्हा झालं ते असं.

“थांब जरा,” म्हणाले आणि बाटली आणली. सील त्यालाच तोडायला दिलं. इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं नळीकडे बघत उभे राहिलो. द्रव निळाच राहिला. त्याने सुटकेचा श्वास सोडला. मला सुटल्यासारखं वाटलं नाही; तीन आठवडे तो आतून निळाच होता, आणि मी ते माहीत नसताना बाटली कपाटात ठेवली होती.

गळती आहेच, फक्त ती हेड गॅस्केटची नसावी. किमतीतून चारशे युरो कमी केले आणि करारात लिहिलं: कूलंट कमी होतं, महिन्याला सुमारे अर्धा लिटर, कारण सापडलेलं नाही. खाली केलेल्या चाचण्यांची यादी. तो आता दर शनिवारी टाकीच्या पातळीचा फोटो पाठवतो.