स्वामित्व आणि संयम

ज्या वस्तूवर आपले निर्विवाद स्वामित्व आहे तिच्या बाबतीतही आपण आपल्या हाताला मर्यादा घालून घ्यावी काय, आणि ती मर्यादा आपल्यालाच केव्हाही मोडता येत असेल तर तिला काही अर्थ उरतो काय, हा व्रतविचारातला जुना प्रश्न सामायिक होस्टिंगवर एखादे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या मनुष्यापुढे आज अंकांच्या रूपाने उभा राहतो.

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ च्या सुमारास जिची पायाभरणी केली त्या युनिक्स प्रणालीच्या परंपरेत, प्रत्येक फाइलीवर मालकाचा, त्याच्या गटाचा आणि इतर सर्वांचा हक्क निरनिराळा नोंदवण्याची वहिवाट आहे. वाचनाचे ४, लेखनाचे २ आणि चालवण्याचा १ धरून त्यांची बेरीज करायची. ६४४ म्हटले की मालकाने वाचावे व लिहावे, बाकीच्यांनी केवळ वाचावे. फोल्डरला बहुधा ७५५ देतात, कारण तेथे तो तिसरा हक्क आत शिरण्याचा असतो. परंतु या व्यवस्थेतील खरी खोच निराळीच आहे. फोल्डर म्हणजे वस्तुतः नावांचे दप्तर, आणि फाइल पुसणे म्हणजे त्या दप्तरातून तिचे नाव खोडणे. त्यामुळे ज्याला फाइलीतील एक अक्षर बदलण्याची मुभा नाही त्यालाही, फोल्डरावर लिहिण्याची मुभा असली, तर एरवी ती फाइल समूळ नाहीशी करता येते. वस्तूभोवती कडेकोट बंदोबस्त करून ती जेथे राहते ती जागा बेवारस सोडणारे रक्षण किती पोकळ असते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

सामायिक होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे बिऱ्हाड करून असतात, आणि पूर्वी कित्येक ठिकाणी त्या सर्वांच्या आज्ञावल्या वेब सर्व्हरच्या एकाच नावाने चालत. छायाचित्र अपलोड होईना की कोणी तरी सल्ला देई, ‘फोल्डरला ७७७ देऊन टाका’. काम तत्काळ होई, आणि त्याच क्षणी शेजारच्या बिऱ्हाडातील बिघडलेल्या आज्ञावलीलाही त्या फोल्डरात हवे ते लिहिण्याची सनद मिळे. वरवर पाहता यात औदार्य दिसते. मला मात्र ती विचाराचे श्रम टाळण्याची रीत वाटते, कारण ज्याने सर्वांना सर्व काही दिले त्याने कोणाची गरज काय आहे हे विचारलेलेच नसते. अपाची सर्व्हरच्या १.२ या आवृत्तीबरोबर १९९७ मध्ये आलेल्या सूएक्झेक या सोयीने प्रत्येकाची आज्ञावली त्याच्याच नावाने चालवता येऊ लागली. एवढेच नव्हे, तर जी आज्ञावली मालकाखेरीज इतरांनाही बदलता येते ती चालवण्यास ही सोय साफ नकार देते.

अधिकारभेद हा शब्द कानी पडताच आपल्याकडील विचारी मनुष्य सावध होतो, आणि ते योग्यच आहे, कारण याच नावाखाली शतकानुशतके असंख्य माणसांना वाचनाचाही हक्क नाकारला गेला. म्हणूनच ज्ञानेश्वरीचा इतिहास येथे मोलाचा ठरतो. शके १२१२ मध्ये गीतार्थ लोकभाषेत आला आणि ज्यांना संस्कृताचे दार बंद होते त्यांनाही तो खुला झाला. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठभेदांनी अशुद्ध झालेली पोथी शोधून शुद्ध केली, आणि तीत कोणी आपल्या ओव्या घुसडू नयेत असे बजावले. श्रवण-पठणास सर्वांना मोकळीक आणि फेरफारास बंदी, यांत मला विसंगती दिसत नाही. कितीही जणांनी वाचले तरी ओवी झिजत नाही. परंतु एकाने बदलली तर पुढच्या प्रत्येक वाचकाचा हक्क हिरावला जातो. अर्थात ज्या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड असतो तिचे वाचनही इतरांना बंदच हवे. तेथे वाचणे हीच हानी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जाणता मालक एखाद्या महत्त्वाच्या फाइलीला ४४४ देतो, म्हणजे स्वतःचाही लेखनाधिकार काढून घेतो, आणि तो हक्क परत घेण्यास त्याला कोणाचाही हुकूम लागत नाही. तरीही हा दिखावा नव्हे. भलत्याच वेळी, घाईत, त्या फाइलीत फेरफार करू पाहणाऱ्या त्याच्या हाताला नकार मिळतो. पुसण्याची आज्ञा दिली तर यंत्र एकवार खात्री करून घेते. आणि हक्क परत घ्यायचा तर ते काम वेगळे, जाणूनबुजून करावे लागते. वासना आणि कृती यांच्यामध्ये विवेकाला उभे राहण्यापुरती जागा करून देणे, एवढेच व्रताचेही कार्य असते, असे मला मनःपूर्वक वाटते. खरी कसोटी रूट नावाच्या सर्वाधिकारी खात्यापाशी लागते, कारण वाचन-लेखनाचे हे अंक त्याला अडवीत नाहीत. म्हणून अनुभवी व्यवस्थापक दिवसभर साध्या खात्यातूनच वावरतो, आणि एखाद्या आज्ञेपुरता तो अधिकार मागून घेऊन ती पार पडताच पुन्हा सामान्य होतो.