वाचलं, पण कोणाचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या महिन्यात ग्रुपवर प्रश्न आला होता, काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक काय? बऱ्याच जणांनी छान उत्तरं दिली. आम्ही तेव्हा गप्प राहिलो. त्याच आठवड्यात आमच्या घरी हाच विषय निघाला होता आणि त्यात आमची बाजू काही फार चांगली नव्हती. अंकाचं काम बघणाऱ्या ताईंनी ‘तेच लिहा’ म्हणून आग्रह केला, म्हणून लिहितो आहोत.

आमच्याकडची परिस्थिती पुष्कळांना ठाऊक आहे. दोन्ही नातवंडं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. वडोदऱ्यात राहून हे सांगायचं म्हणजे जरा अवघडच. सयाजीराव महाराजांनी 1906 साली सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलांना शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड होत असे. आमच्याकडचे एक वडीलधारे दर दिवाळीला त्या दंडाची आठवण करून देतात. हसत हसत देतात, पण देतात. 2020 मध्ये शाळा मोबाईलवर आली, तेव्हा थोरला पहिलीत जायचा होता. त्याला समोर बसवून सून शिकवू लागली आणि तेच पुढे चालू राहिलं. त्यासाठी तिने शिक्षिकेची नोकरी सोडली. चौदा वर्षं पूर्ण झाली की ओपन स्कूलची दहावी देता येते, त्यामुळे त्या बाजूची काळजी तूर्त नाही. काळजी होती ती घरातला एक पगार कमी झाला त्याची, आणि ती सगळ्यात आधी स्वयंपाकघरात दिसू लागली.

ते आम्हाला जड गेलं नाही हेही खरं. आमच्या आया-सासवांनी हेच तर केलं होतं. फ्लॉवरचे कोवळे देठ आणि पानं बारीक चिरून पीठ पेरून भाजी करायची. दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. रात्रीच्या पोळ्या उरल्या तर सकाळी फोडणीची पोळी, आणि त्याहून जास्त उरल्या तर मंद तव्यावर फडक्याने दाबून दाबून खाकरे. (हे आम्ही गुजराती शेजारणींकडून शिकलो, आणि आता आमचे खाकरे त्यांच्याकडे जातात.) दूध नासलं तर पनीर, त्याचं पाणी कणकेत. सायीचं तूप कढवलं की खाली राहिलेल्या बेरीत गूळ आणि भाजलेली कणीक मिसळायची, त्याच्या वाटणीवरून दोघा भावंडांची अजून भांडणं होतात. शेवउसळीच्या लारीवर जायचं तर पाच माणसांचा खर्च केवढा, आणि घरी अर्धा किलो पांढरे वाटाणे रात्री भिजत घातले की दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं भरून वर पातेल्यात उरते. ‘आमच्याकडे बाहेरचं येत नाही’ हे सांगताना आम्हाला थोडा अभिमान वाटायला लागला होता. थोडा कशाला, बराच.

नातवाचं गणित आम्ही याच घरखर्चावर बसवलं. त्याला एक लांब वही दिली, त्यात रकाने आखून दिले. तारीख, वस्तू, बाजारात किती, घरी किती, आणि शेवटचा ‘वाचले’. गुणाकार, वजाबाकी, दशांश सगळं त्यातून. महिनाअखेर ‘वाचले’ची बेरीज मोठ्याने वाचून दाखवायची आणि घरातल्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी पद्धत पडली. पोरगा दहा वर्षांचा, त्याला टाळ्यांची गोडी लागली. तो प्रत्येक गोष्टीत वाचलेले पैसे शोधू लागला.

एका महिन्याच्या वाचनात त्याने म्हटलं, “मासीकडून 140 रुपये.”

मासी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीची लारी लावतात त्या. आम्ही त्यांच्याकडे मुद्दाम रात्री आठनंतर जातो, तेव्हा भाव उतरलेला असतो. त्यावर पाच रुपये कमी करायला लावायचे, मग कोथिंबीर-मिरची-आल्याचा ‘मसालो’ फुकट, आणि तो कमी वाटला तर अजून दोन काड्या स्वतःच उचलायच्या. नातू आमच्याबरोबर पिशवी धरून उभा असायचा. त्याने ते सगळं टिपलं होतं. कोथिंबिरीचेसुद्धा पैसे लावले होते.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्याने विचारलं, “आजी, देठांचे पैसे कचऱ्यातून वाचले. बेरीचे कढईतून वाचले. मासीचे कुठून वाचले?”

घरात कोणी काही बोलेना. मुलगा म्हणाला, “अरे, हा व्यवहार आहे. त्यांनी भाव थोडा चढवूनच सांगितलेला असतो.” हे काही खोटं नाही. पुन्हा रात्री उरलेली भाजी आम्ही घेतली नाही तर सकाळी ती सुकणारच, तेव्हा त्यांचंही नुकसान टळतं. एवढं आम्हीही मनाशी जुळवून ठेवलेलं होतं. पण मग दुसरी गोष्ट आठवली. मोठ्या दुकानात पिशवीवर छापलेली किंमत आम्ही निमूट देतो, तिथे पाच रुपये कमी करा म्हणायची आमची छाती होत नाही. आम्ही भाव करतो तो ज्या माणसाला रात्री आठ वाजता ‘नाही’ म्हणणं परवडत नाही, त्याच्याशीच. “लई जाओ बेन,” मासी म्हणतात, आणि आम्ही ते खुशीने दिलं असं धरून चालतो. दिवसभर उन्हात उभं राहून, माल उरलेला आणि घरी परतायची घाई असताना माणूस ‘घेऊन जा’ म्हणतो, तेव्हा त्यात खुशी किती आणि नाइलाज किती, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

आपल्या साप्ताहिक पारायणात एकनाथी भागवत चालू आहे. अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये मधमाशी येते. तिचे दोन धडे आहेत. साठवलेला मध दुसराच कोणी घेऊन जातो, हा एक. तो आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दुसरा असा, की प्रत्येक फुलातून थोडं थोडं घ्यायचं आणि कुणाला त्रास होऊ द्यायचा नाही, भिक्षेला जाणाऱ्याने घरोघरी असंच घ्यावं. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्याच धड्याला माना डोलवत आलो. साठवण्याइतकं आमच्याकडे काही नव्हतंच, त्यामुळे तो धडा आम्हाला सोपा होता. दुसरा आमच्यासाठी होता आणि तो आम्ही कोथिंबिरीच्या काडीइतकाही घेतला नाही.

नातवाने वहीत एक रकाना वाढवला, ‘कोणाचे’. आम्ही सांगितलं नव्हतं.

त्या रकान्याने पुढे दिवाळीत गंमत केली. म्हणजे आधी गंमत वाटली. बाजारात चकली 480 रुपये किलो, घरी हिशेब लावला तर 210, दोन किलो केली, म्हणजे 540 वाचले. आता हे कोणाचे? सून कढईसमोर उभी होती. तिने मागे न वळता म्हटलं, “माझे अडीच दिवस लिही की तिथे.” खरंच होतं. डाळ-तांदूळ धुऊन सावलीत वाळवणं, प्रत्येक धान्य वेगळं भाजणं, गिरणीची फेरी, उकड, मळणं, मग तळण. वर तेच दिवस मुलांचे धडेही तिनेच घेतले. नातवाने विचारलं, एका दिवसाचे किती? तिने नोकरीतला रोजचा आकडा सांगितला. पोराने गुणाकार केला, आणि 540 रुपये वाचायच्या ऐवजी कितीतरी तोटाच निघाला. सगळे हसले. ती हसली नाही.

आपण म्हणतो, आईच्या हाताची किंमत करता येत नाही. आम्हीही म्हणत आलो. पण हे वाक्य म्हणणारी माणसं बहुधा ताटावर बसलेली असतात, हे आमच्या लक्षात यायला पन्नाशी उलटली. सुनेला घरचं करायला आवडतं, ती तसं सांगते. पण रोज आवडतं असं नाही, आणि ते सांगायला तिला एका चकलीच्या हिशेबाची वाट पाहावी लागली. आता शनिवार-रविवार मुलगा आणि नातू स्वयंपाक करतात. दोघं मिळून तेल जास्त वापरतात. त्यावर आम्ही तोंड उघडत नाही, निदान प्रयत्न करतो.

मासींकडे अजून रात्रीच जातो, कारण दिवसाच्या भावाने आमचं बजेट बसत नाही. सांगतील तो भाव देतो. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे दिले तेव्हा त्यांनी नोट उलटीपालटी करून पाहिली. मसालो त्या देतातच, तेवढाच घेतो.

हे सगळं लिहून झालं होतं, अंकाकडे पाठवायचंही ठरलं होतं. परवा वही तपासताना नवीन ओळ दिसली. वर्षाच्या हिशेबात नातवाने लिहिलंय, ‘शाळेची फी’. बाजारात किती, तर शेजारच्या मुलाची फी विचारून आणलेली. घरी किती, तर पुस्तकं आणि वह्यांचा खर्च. वाचले, एवढा मोठा आकडा की त्याने खाली दोन रेघा मारल्या आहेत. आणि ‘कोणाचे’च्या रकान्यात पेन्सिलीने ‘माझे’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय.

सायंकाळी पाच वाजता गल्लीत शाळेची बस येते तेव्हा तो गॅलरीत उभा असतो, हे आम्ही रोज पाहतो. त्याला ऊन खायला आवडतं असं आम्ही समजत होतो.

ती ओळ त्याच्या आईबापांनाही दाखवली आहे. येत्या रविवारी सत्संगानंतर त्याला जवळ घेऊन विचारायचं ठरलं आहे, आणि तो जे सांगेल ते आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही, एवढंही ठरलं आहे.