मॅडमच्या यजमानांची नोकरी

गेल्या महिन्यात कुवेतमध्ये, मंगफला आमच्या बिल्डिंगखाली दोघे-तिघे बोलत उभे होते. अमुक कंपनी माणसं कमी करणार म्हणे. नाव ऐकलं आणि पोटात गोळा आला. मी त्या कंपनीत नाही. माझ्या मुलाच्या स्पेशल एज्युकेटर मॅडमचे यजमान तिथे आहेत. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी चक्क त्यांच्या नोकरीसाठी हात जोडले आणि स्वतःवर खूश झालो. मग जाणवलं, हे मी त्यांच्यासाठी मागतोय कुठे? पोरगा आत्ता कुठे ‘बी’ आणि ‘डी’ वेगळे ओळखायला लागलाय. यजमानांची नोकरी गेली, मॅडम गावी परतल्या, तर पुन्हा श्रीगणेशा कोण करणार? मागणं एवढंच होतं. त्या घरात पगार थांबला तर काय, हे मनाला शिवलंही नव्हतं.

मी रिफायनरीत मेंटेनन्सचं प्लॅनिंग करतो. सुट्टीच्या शुक्रवारी साहेबांचा फोन आला की माझं डोकं फिरतं. आणि मॅडमना मी गुरुवारी रात्री साडेदहाला विचारतो, ‘इम्प्रूव्हमेंट किती टक्के?’ पोराचं वाचन म्हणजे काय पंप आहे? दिवाळीला ड्रायफ्रूटचा डबा दिला की माझ्या लेखी हिशेब चुकता.

एकदा लवकर पोचलो म्हणून त्यांचा वर्ग बघितला. वर्ग कसला, संगीताच्या खोलीला लागून असलेली अडगळ. भिंतीपलीकडे हार्मोनियम. मॅडमनी पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली होती, स्वतःच्या खर्चाने. पोराने डोळे मिटलेले, त्याचं बोट धरून त्या ‘डी’ गिरवून घेत होत्या. ‘आधी पोट, मग काठी.’ तिसऱ्यांदा तो एकटा गिरवायला लागला, तेवढ्यात शिपाई चिठ्ठी घेऊन आला. पाचवी ब च्या टीचर रजेवर, तिकडे जा. अक्षर अर्धं राहिलं. पोराने बोट काढलं नाही, नुसता दाराकडे बघत बसला.

जाता जाता मॅडम म्हणाल्या, ‘सर, आठवड्यातून तीनदा तरी हेच. मी बोलले तर ती तक्रार होते. तुम्ही पालकांनी प्रिन्सिपल सरांना पत्र दिलंत तर…’

‘नक्की देतो,’ म्हटलं.

तीन आठवडे दिलं नाही. शटडाऊन चालू होतं, हे खरं. पण पूर्ण खरं? पत्रावर सह्या घ्यायच्या म्हणजे पालकांच्या ग्रुपमध्ये विषय काढायचा. म्हणजे माझा मुलगा ‘त्या’ खोलीत जातो हे सगळ्यांना कळणार. मंडळाच्या गणपतीत एकाने विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं होतं, शाळेत जास्तीचं बुद्धिबळ शिकतो. पोरगा शेजारीच उभा होता. त्याला हे खोटं वाचायला डिस्लेक्सिया आड आला असेल का?

पत्राऐवजी मी माहिती गोळा करत बसलो. महाराष्ट्रात 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत. आपल्या 2016 च्या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत घेतली. सीबीएसई जादा वेळ देतं. इथला 2010 चा 8 क्रमांकाचा कायदा मुख्यतः कुवेती नागरिकांसाठी. आपल्यासारख्यांचा भार शाळेवर, आणि शाळा तो एका बाईंच्या अंगावर टाकून मोकळी. सवलती सगळ्या मुलाला. त्याला शिकवणाऱ्या बाईंचा तास कोणी पळवू नये, हे कुठल्या कलमात? असा प्रश्न मांडून मी स्वतःला बराच कनवाळू समजत होतो. मग कळलं की इथलं सेंटर फॉर चाइल्ड इव्हॅल्युएशन अँड टीचिंग 1984 मध्ये उभं राहिलं ते अशाच मुलांच्या पालकांमुळे. त्यांनी नाव लपवून संस्था काढली असेल का?

आणि मला मदत तरी कोणती करायची होती? शाळेने आणखी एक माणूस नेमावं, यासाठी मी फी वाढवून देईन? प्रामाणिक उत्तर : कुरकुरत. रात्रीचे मेसेज थांबवायला मात्र एक फिल्सही लागत नव्हता.

शेवटी पत्र लिहिलं. पहिल्या खर्ड्यात होतं, ‘काही विद्यार्थ्यांचे नुकसान होते.’ ते खोडून ‘माझ्या मुलाचे’ केलं. ग्रुपवर टाकलं तेव्हा छाती धडधडत होती. पाच सह्या आल्या. त्यातला एक जण तोच, गणपतीत विचारणारा. त्याची मुलगी दोन वर्षं त्याच खोलीत जाते.

रविवारी सकाळी पत्र शाळेच्या ऑफिसात दिलं. जिन्यात मॅडम भेटल्या, वह्यांचा गठ्ठा छातीशी धरलेला. पत्राचं सांगितलं. यजमानांच्या नोकरीचं विचारायचं होतं, ते ओठांवर येऊन थांबलं. विचारताना आवाजात काळजी असणार, हे नक्की. ती कोणाची, हे त्यांना ऐकू आलं असतं.