तहान भागली की पाणी खरं?

20 मे 1910 रोजी जर्मनीत हवेचा दाब सहा तासांत 145 मिलिबारनं चढला, असं ब्रिटिश हवामान-गणिती लुईस फ्राय रिचर्डसन यांचं गणित सांगत होतं. प्रत्यक्षात दाब जवळपास जागचा हललाच नव्हता.

रिचर्डसन क्वेकर, शस्त्र न धरणारे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवताना फावल्या वेळात त्यांनी हा हिशेब हातानं केला. हवेची आंशिक अवकल समीकरणं थेट सुटत नाहीत; म्हणून नकाशावर चौकटी आखायच्या आणि चौकटी-चौकटीत आकडेमोड करत पुढं सरकायचं, ही आजचीच रीत. फसलेला अंदाज त्यांनी 1922च्या पुस्तकात जसाच्या तसा छापला. (आज किती जण छापतील?) पुढं हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी गोम दाखवली: मुळातल्या नोंदींत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता. तो बसवला, तर तेच गणित शहाण्यासारखं उत्तर देतं.

नोंदी निर्दोष असल्या तरी धोका टळत नाही. चौकटीच्या मानानं काळाचं पाऊल फार मोठं पडलं, तर बारीकशी चूकही फुगत जाते, हे कुरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी 1928मध्ये दाखवलं. रेषीय समीकरणांसाठी पीटर लॅक्स यांचा सिद्धांत हमी देतो: पद्धत सुसंगत आणि स्थिर असेल, तर चौकटी बारीक करत खऱ्या उत्तराकडे जाता येतं. हवा मात्र रेषीय नाही. प्रवाहांचं वर्णन करणाऱ्या नाव्हिए-स्टोक्स समीकरणांना त्रिमितीत नेहमी सुरळीत उत्तर असतंच, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेनं 2000मध्ये त्यासाठी दहा लाख डॉलर लावले आहेत.

म्हणजे आहे की नाही याची खात्री नसलेल्या उत्तराच्या 'जवळ' संगणक रोज जातात. मग ही श्रद्धाच की!

हा निष्कर्ष घाईचा आहे. ज्ञान खरं कशावरून, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. नैयायिक म्हणतात, त्याचं प्रामाण्य बाहेरून ठरतं. समोर पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, तर ते ज्ञान खरं. गणिती हेच करतो: चौकटी निम्म्या करून उत्तर स्थिरावतं का पाहतो, मग आभाळाशी ताडतो. मीमांसकांचा टोला मात्र चुकत नाही: पडताळणाऱ्या ज्ञानाला कोण पडताळणार? इथं ही अनवस्था, म्हणजे न संपणारी पडताळणीची साखळी, नुसती शाब्दिक नाही. जिथं निरीक्षण नाही, तिथली हवेची 'आजची स्थिती' हवामान केंद्रं मॉडेलच्याच आधीच्या अंदाजावरून भरतात. साक्षीदार थोडा आरोपीच्या घरचा असतो! तरी नैयायिकांचं पारडं जड वाटतं, कारण उद्याचा पाऊस मॉडेलला विचारून पडत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं (आयआयटीएम) घडवलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम' या हवामान अंदाजाच्या मॉडेलच्या चौकटी सहा किलोमीटरच्या आहेत. एकटादुकटा गडगडाटी ढग त्याहून लहान असू शकतो. अशा ढगाचा पाऊस हुकला, तर समीकरणं खोटी ठरत नाहीत. तो ढग त्या गणिताला दिसलेलाच नसतो.